आक्का, तुला तहान लागली होती

आक्का,

तुझं दहावं अजून व्हायचंय. ओटीवर माणसं बसली आहेत आणि जो येतो तो तुझ्या नशिबाची तारीफ करतो. "सुटली बिचारी." "लेकाच्या हातचं पाणी मिळालं, आजून काय पायजे बाईमाणसाला?" मी आतल्या खोलीत बसून हे ऐकते आणि दात आवळते. सुटली म्हणे! कशातून सुटलीस गं? तू अडकली कुठं होतीस? तू तर खांबाला धरून उभी राहायला लागली होतीस.

मी कुणाशी बोलत नाही म्हणून नाना माझ्यावर चिडलेत. तुझे धाकटे दीर, घरातले कर्ते पुरुष, त्यांचा मान मोठा. काल ओटीवर म्हणाले, "मास्तरीणबायला शोकबी इंग्रजीत करायचा आसंल." मी कर्जतच्या शाळेत तिसरीला मराठी शिकवते, इंग्रजीचा नि माझा संबंध सहीपुरता. पण त्यांच्या लेखी जी बाई त्यांचं ऐकत नाही ती इंग्रजीच. म्हणून ठरवलं, यांच्याशी नाहीच बोलायचं. तुझ्याशी बोलायचं. आपलं भांडण अर्धवट राहिलंय आणि ते तसं टाकून तू गेलीस, हे मला मुळीच पसंत नाही.

आपण सख्ख्या बहिणी ना, मग भांडणाला कमी कशी पडणार? पहिलं भांडण गोळ्यांचं. दाजी गेल्यानंतर मी तुला ओढत कर्जतला नेलं. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, फुगवला, आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. रक्तदाब. रोज सकाळी एक गोळी, चुकवायची नाही, मीठ कमी, तंबाखू बंद. तू डॉक्टरांपुढं शहाण्या पोरीसारखी मान हलवलीस. घरी आल्यावर काय केलंस? चक्कर आली तर गोळी, नाही आली तर नाही. वर शेजारपाजारी कुणाला गरगरलं की पुडीतली एक गोळी काढून द्यायचीस, हळदीकुंकवाचं वाण दिल्यासारखी. मी ओरडले तर म्हणालीस, "आगं, तिलाबी चक्कर येती. मला एकटीला एवढ्या सरायच्या हायत का?"

दुसरं भांडण मिश्रीचं. तव्यावर तंबाखू भाजून, कुटून, डबीत भरून ठेवायची आणि दिवसातून कितीदा ती बोटानं हिरड्यांना लावत बसायची. "दात घासते," म्हणायचीस. मी म्हटलं, "घासायला दात किती उरलेत?" तर म्हणालीस, "हायत तेवढे तरी घासू दे की." आणि ताटात सुक्या बोंबलाचा तुकडा नसला तर तुझा घास गिळत नसे. मी काही बोलले की तुझं ठरलेलं उत्तर, "सुमे, तू शिकवायचं ते शाळंत शिकव." बरं, नाही शिकवत आता. झालं समाधान?

दाजींचं मरण आपण दोघींनी पाहिलंय. खळ्यावर भात झोडत होते. पेंढी वर उचललेली तशीच खाली टाकली, दोन्ही हातांनी डोकं धरलं, भडाभडा ओकले आणि आडवे झाले. गाडीला बैल जुंपेपर्यंत घोरायला लागले होते. नेरळच्या वाटेवरच संपले. गाव म्हणालं, अंगावरून वारं गेलं. तुझं तसं नव्हतं. तू सकाळी उठलीस, चुलीपुढं बसलीस आणि हातातली फुंकणी गळून पडली. उजवा हात उचलेना, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, शब्द फुटेना. पण डोकं दुखत नव्हतं, ओकारी नव्हती, शुद्ध पक्की होती. तरी गाव म्हणालं, वारं गेलं. दाजींना जे नाव दिलं तेच तुला दिलं, आणि ते गेले तशी तूही जाणार हे सगळ्यांनी मनात धरून टाकलं. त्यानंतर जे झालं ते सगळं त्यातून झालं.

मी तेव्हा कर्जतजवळ भिसेगावात माझ्या खोलीवर. मला कळवायचं कुणाला सुचलं नाही. नानांना सुचलं काय, तर कबुतर. वारं गेलेल्या अंगाला कबुतराचं गरम रक्त चोळायचं, म्हणजे अंग मोकळं होतं. इथं गावात, कळंबात, कबुतर मिळेना म्हणून माणूस नेरळपर्यंत धावला. अगं, नेरळात डॉक्टर होता! बाजारपेठेत पाटी लावून बसलाय. त्याच्या दारावरून हा माणूस कबुतर बगलेत मारून परत आला आणि त्याला डॉक्टर दिसला नाही. मी पोचले ती दुसऱ्या दिवशी, दूधवाल्यानं निरोप सांगितला तेव्हा. तुझा हात कोपरापर्यंत तांबडा, वाळलेल्या रक्तावर माशा, आणि तू टक्क डोळ्यांनी माझ्याकडं बघतेयस. मी ते रक्त धुतलं. तुझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मला अजून वाटतं, ते दुखण्यापायी नव्हतं, त्या घाणीची तुला किळस आली होती. तू किती स्वच्छ होतीस गं.

मी टॅक्सी करून कर्जतच्या आपल्या डॉक्टरांना घेऊन आले. त्यांनी तुझे पाय टोचून पाहिले, डोळ्यांत उजेड मारला, आणि ओटीवर येऊन सगळ्यांना समजावून सांगितलं. मेंदूतली नस एक तर फुटते, नाही तर तुंबते. फुटली की रक्त सांडून मेंदू दाबला जातो, डोकं फुटल्यासारखं दुखतं, ओकाऱ्या होतात, शुद्ध जाते आणि माणूस बहुतेक जातोच. तुंबली की त्या नसेपुढच्या भागाला रक्त मिळत नाही, तेवढा भाग मरतो, पण माणूस राहू शकतो. "यांची तुंबलेली दिसते. मुंबईला डोक्याच्या आतलं दाखवणारं यंत्र आलंय म्हणतात, ते काही इथं नाही, म्हणून मी अंदाजानं सांगतोय. पण शुद्धीवर आहेत, हे चांगलं लक्षण आहे."

नाना म्हणाले, "म्हंजे वारंच ना?"

डॉक्टर म्हणाले, "वारं म्हणा, काही म्हणा. यांना आता मेंदूपासून धोका कमी, तुमच्यापासून जास्त. एका कुशीवर पडून पाठीला जखमा झाल्या तर जातील. आणि खाण्यापिण्यात चूक केलीत तर त्याहून लवकर जातील."

मग त्यांनी तुला चमचाभर पाणी दिलं. तुला असा ठसका लागला की तुझे डोळे पांढरे झाले. ते म्हणाले, घसा अर्धा लुळा पडलाय, पातळ पाणी पोटात न जाता फुफ्फुसात उतरतं आणि तिथं सडतं. पाठीला उशा लावून ताठ बसवायचं, हनुवटी छातीकडं घालायची, दाटसर पेज नाहीतर आंबील अर्धा अर्धा चमचा द्यायची, गिळेपर्यंत थांबायचं. आणि साधं पाणी मी सांगेपर्यंत अजिबात नाही. हे सगळं त्यांनी नानांना दोनदा सांगितलं. नाना "व्हय, व्हय" म्हणाले.

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. मी बिछाना तुझ्या खाटेजवळ टाकला तो टाकलाच. तुला या कुशीवरून त्या कुशीवर करायची, पाठ पुसायची, लुळा हात हलवत बसायची. आणि पेज भरवायची. त्यासाठी मी तुझी हनुवटी एका हातानं खाली धरायची, आणि तू अशा नजरेनं बघायचीस, जशी काही मी तुझी सासूच आहे.

आणि तहान! मे महिना, वरचे पत्रे तापलेले, आणि कोपऱ्यात तुझाच माठ, बाहेरून ओला गार. तू डावा हात तिकडं करायचीस आणि म्हणायचीस, "पा... पा..." मी नाही म्हणायची. आंबील पाजायची. तू तोंड फिरवायचीस. पुन्हा "पा." शेवटी मी तुझ्या उशाचा तांब्या उचलून बाहेर ठेवला, डोळ्यांसमोर नको म्हणून.

तो तांब्या उचलताना मला काय आठवलं असेल, सांग बघू. मी लहान असताना मला मोठा ताप आला होता. तापात पाणी द्यायचं नाही, असा आपल्या आईचा दंडक. मी रडून रडून थकले. आणि तू, न्हाणीघरात जाऊन पदराचं टोक भिजवून आणायचीस आणि माझ्या तोंडात द्यायचीस. "चोख, सुमे, पटकन. आय येतीया." तेव्हाचा मला ताप आठवत नाही, औषध आठवत नाही, तुझ्या पदराच्या त्या जाड्याभरड्या सुताची चव आठवते. पुढं मी शिकले तीही तुझ्यामुळं. लग्न होऊन इथं आलीस तरी दर आठवड्याला तुझ्याकडून तांदळाच्या भाकऱ्या कुणा ना कुणाबरोबर कर्जतला यायच्या, म्हणून मी दुसऱ्यांच्या घरी राहून शिकू शकले. इतकं सगळं केलंस, आणि तुला पाणी हवं होतं तेव्हा मी तांब्या बाहेर ठेवला. मी बरोबर होते. माझं चुकलं नाही. पण बरोबर असून एवढं जिवाला लागतं, हे मला ठाऊक नव्हतं. मी एवढंच केलं, फडकं भिजवून, घट्ट पिळून तुझ्या ओठांवरून फिरवायची. तू ते फडकं दातांत धरून ठेवायचीस. सोडवता सोडवत नसे.

एकदा असंच मी फडकं ओढून घेतलं आणि तू एकदम म्हणालीस, "मेले!"

अगं, केवढा आनंद झाला मला! वारं गेल्यापासूनचा तुझा पहिला अख्खा शब्द, आणि तो शिवी. मी धावत ओटीवर जाऊन सांगितलं, "आक्का मला मेले म्हणाली!" मला वेड लागलंय अशा नजरेनं सगळे माझ्याकडं बघायला लागले. पुढं तुला "सुमे" यायला लागलं, "नको" आलं, "बाळू" आलं. बाळूचं नाव तोंडात आलं तेव्हा मी समजले की तू राहणार. बाळू तुझा एकुलता एक, खोपोलीच्या कारखान्यात पाळ्या करतो, रविवारी येऊन तुझ्या पायाशी बसायचा आणि रडायचा. तू डाव्या हातानं त्याच्या पाठीवरून हात फिरवायचीस. आजारी कोण नि धीर कोण देतंय!

मग तू खांबाला धरून उभी राहिलीस. पेज गिळताना ठसका लागेनासा झाला. मी कर्जतला गेले, डॉक्टरांना सगळं सांगितलं आणि विचारलं, "आता पाणी द्यायचं का हो? फार मागते." ते हसले. म्हणाले, "उद्या येतो. समोर बसवून बघू. बहुतेक सुरू करू." मी एसटीत बसले तेव्हा मला कधी एकदा घरी पोचते असं झालं होतं. उद्या तुला पाणी मिळणार, ही बातमी घेऊन मी येत होते, आक्का.

दारात चपलाच चपला.

तुला बघायला दाजींच्या आत्याबाई आल्या होत्या, खालापूरकडून. कुठल्या गावी कोण आजारी आहे हे त्यांना एसटीच्या आधी कळतं. तू दुपारची झोपली होतीस, घोरत होतीस, तोंड वाकडं होतंच. त्यांनी निरखून पाहिलं आणि सांगून टाकलं, "नाकाचा शेंडा कलला. कानाच्या पाळ्या गळल्या. आजची रात काय ही काढत नाय." वारं गेलेल्या माणसाचं नाक कलणार नाही तर काय होणार! पण आत्याबाई बोलल्या म्हणजे झालं. नानांनी बाळूला बोलावणं धाडलं, तो तसाच पाळीवरून आला. तुला खाटेवरून उचललं आणि सारवलेल्या जमिनीवर उताणी निजवली, मरणाऱ्याला निजवतात तशी. उशीसुद्धा काढून घेतली. वाटीत तुळशीपत्र घातलेलं पाणी. आणि एकेक माणूस पुढं होऊन चमच्यानं तुझ्या तोंडात पाणी घालतोय.

तू जागी होतीस. तुला सगळं कळत होतं. हे मी कुणालाही छातीवर हात ठेवून सांगेन. तू ओठ घट्ट मिटले होतेस. नानांचं पाणी गालावरून गळ्यात ओघळलं, आत्याबाईंचं कानात गेलं. तू मान फिरवत होतीस, डाव्या हातानं चमचा लोटत होतीस. आणि आत्याबाई म्हणत होत्या, "बघा, लेकासाठी जीव थांबलाय. बाळू, तू ये रं फुडं."

मी दारातून ओरडले, "बाळू, थांब! तिला आधी बसव!"

नाना आडवे आले. "मास्तरीणबाय, ही शाळा नाय. माहेरच्या माणसानं आशा टायमाला मधी पडू नये."

"अहो, ती मरत नाहीये! उद्या डॉक्टर येतायत. त्यांनी काय सांगितलं होतं तुम्हाला?"

"डाक्टरला काय कळतंय? त्याला काय आमच्या घरच्याला पाणी पाजायचंय?"

बाळू चमचा घेऊन तुझ्यावर वाकला होता. नाक वाहत होतं. "आय, पी गं. माझ्या हातचं तरी पी."

तू माझ्याकडं बघितलंस. नानांच्या खांद्यावरून मला तुझे डोळे दिसत होते. मी मान हलवली, नको, नको म्हणून. मग तू बाळूकडं बघितलंस आणि तोंड उघडलंस.

का उघडलंस?

मला याचं उत्तर पाहिजे. तुझ्या कोरड्या पडलेल्या घशाला पाणी बघून राहवलं नाही म्हणून? की लेक रडतोय, त्याला नाही कसं म्हणायचं म्हणून? तू जन्मात त्याला कशाला नाही म्हणाली नाहीस, खरंय. पण तेव्हा एकदा म्हणायचं होतंस गं! एवढ्या सगळ्यांना परतवलंस, एवढ्या एका चमच्यापुरतं कठोर व्हायला काय झालं होतं? का तुलाही त्यांच्यासारखंच वाटलं, की आता संपलं? मला रात्रंदिवस दुसरं काही सुचत नाही. एक चमचा नव्हता तो. तू प्यायलीस म्हणून पोर हरखलं, पाजतच राहिलं, आणि तू उताणी पडून घेतच राहिलीस. मग तो ठसका. निळी पडलीस तेव्हा कुठं नाना बाजूला झाले आणि मी तुला उठवून बसवलं. आत्याबाई म्हणाल्या, "बसवू नको गं, जीव जाताना त्रास व्हतो."

जीव काही गेला नाही. म्हणजे त्यांचं भाकीत खोटं पडलं, पण लाज कुणाला? दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले, कबूल केल्याप्रमाणं, तुला पाणी सुरू करायला. तू तापानं फणफणली होतीस, छाती घरघरत होती. त्यांनी नळी लावून ऐकलं आणि विचारलं, "कोणी पाजलं?" ओटीवर एवढी माणसं, जो तो आपल्या चपला शोधायला लागला. सुया दिल्या, पाठ थोपटून कफ काढायला शिकवलं, मी थोपटत राहिले. फुफ्फुसात पाणी सडलं होतं. तू पुन्हा एक शब्द बोलली नाहीस. शिवीसुद्धा नाही. आणि तू गेलीस तेव्हा आत्याबाई जिंकल्यासारख्या म्हणाल्या, "मी बोललेच व्हते."

डॉक्टर जाताना मला म्हणाले होते, "त्या दुखण्यातून वाचल्या होत्या हो तुमच्या बहीण." मला हे नाही सांगितलं असतं तरी चाललं असतं.

आज सकाळी बाळू माझ्याजवळ येऊन बसला. डोकं भादरलेलं, चेहरा एवढासा. म्हणाला, "मावशे, आयनं कुणाच्याच हातचं घेतलं नाय. नानाचं नाय, आत्याचं नाय. माझ्याच हातचं प्याली ना गं?"

सगळं जिभेवर आलं होतं, आक्का. डॉक्टर काय म्हणाले, पाणी कुठं गेलं, तू कशानं गेलीस, सगळं. त्याच्याकडं बघितलं. हुबेहूब तुझे डोळे.

"होय रं," मी म्हणाले. "तुझ्याच हातचं प्याली."

तो ढसाढसा रडला आणि मोकळा होऊन बाहेर गेला. जन्मभर आता त्याच आधारावर राहील. तू त्याला नाही म्हणू शकली नाहीस, मलाही नाही जमलं. म्हणजे तुला काय विचारणार मी कपाळ! पण नानांना मी सोडणार नाही, हे सांगून ठेवते. दहावं होऊ दे, मग या ओटीवर सगळ्यांदेखत बोलणार आहे, आणि ते बोलणं मराठीत असेल.

तू गेलीस त्या जागेवर दिवा ठेवलाय आणि दिव्याजवळ पाण्याचा तांब्या. तोच तांब्या, मी बाहेर ठेवलेला. मघाशी आत्याबाई डोकावून म्हणाल्या, "भर गं तेवढा ताज्या पाण्यानं. तहानलेला जीव, धा दिस येतो पाण्याला."

मी उठले. माठावरचं झाकण काढलं, तांब्या काठोकाठ भरला आणि तुझ्या जागेवर आणून ठेवला.

पी आता, आक्के. हवं तेवढं पी. आता कुणी तुझी हनुवटी धरणार नाही.